शिफ्ट चालवणाऱ्या मॅनेजरमध्ये नेतृत्व घडतं कसं

कारखान्यातली पाळी, गोदामातला डिस्पॅच, रुग्णालयातला वॉर्ड, कॉल सेंटरचा फ्लोअर. ही कामं रोजच्या रोज चालवणाऱ्यांना कुठे ऑपरेशन्स मॅनेजर म्हणतात, कुठे शिफ्ट इनचार्ज, कुठे सुपरवायझर. कंपनीचं धोरण ते ठरवत नाहीत. ठरलेलं धोरण प्रत्यक्षात उतरतं की फलकावरच राहतं, हे मात्र त्यांच्यावर अवलंबून असतं. हाताखालच्या माणसांसाठी कंपनी म्हणजे तेच. रजा त्यांच्याकडे मागायची, चूक झाली तर त्यांना सांगायची, नवं काम त्यांच्याकडून शिकायचं आणि बोलणीही त्यांचीच खायची.

असं असूनही नेतृत्व घडवण्यासाठीचा पैसा आणि वेळ बहुतेक ठिकाणी वरच्या पदांवर खर्च होतो. शिफ्ट चालवणाऱ्यांच्या वाट्याला दोन दिवसांचं शिबिर, एक जाडजूड फाइल आणि प्रमाणपत्र येतं. शिबिर संपतं, सोमवार उजाडतो आणि सगळं पूर्वीसारखं सुरू होतं. मग वरून शेरा येतो की या लोकांमध्ये नेतृत्वगुणच नाहीत.

हा शेरा मला अन्यायाचा वाटतो, आणि त्याच्या विरोधात भरपूर पुरावा आहे. रोजचं काम चालवणाऱ्या मॅनेजरचं नेतृत्व दिसतं ते दिवसभरातल्या काही ठरावीक प्रसंगांत. त्या प्रसंगी कसं वागायचं हे शिकता येतं. पण ते शिकायची जागा कामाचीच असते, आणि शिकलेलं टिकेल की नाही हे त्या मॅनेजरचा वरिष्ठ त्याच्याशी कसा वागतो यावर ठरतं.

दर ४८ सेकंदांना एक काम

संशोधक रॉबर्ट गेस्ट यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या ५६ फोरमनच्या, म्हणजे कामगारांवर देखरेख करणाऱ्या मुकादमांच्या, कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ तासांच्या पाळीत हे लोक नेमकं काय काय करतात, हे त्यांना पाहायचं होतं. सरासरी निघाली ५८३ कामं. म्हणजे साधारण दर ४८ सेकंदांना एक. कुणाला सूचना दे, कुणाचा प्रश्न ऐक, सुटा भाग आलाय का बघ, फोन घे, सही कर, पुन्हा पहिल्या माणसाकडे जा. आज त्यात मेसेज आणि डॅशबोर्डची भर पडली आहे. तेव्हा हे तुकडे पूर्वीपेक्षा मोठे झाले असतील असं मला वाटत नाही.

नेतृत्वावरचा बराचसा उपदेश असं गृहीत धरतो की माणसाला थांबून विचार करायला उसंत आहे. दूरदृष्टी ठेवा, माणसं ओळखा, मूल्यांवर ठाम राहा. सल्ला चुकीचा नाही, पण ४८ सेकंदांत त्याचं करायचं काय? एवढ्या वेळात माणूस विचार करून वागत नाही, सवयीनं वागतो. म्हणून या मॅनेजरांच्या बाबतीत नेतृत्व घडवायचं म्हणजे सवयी घडवायच्या. त्याही सगळ्या एकदम नाहीत. ज्या थोड्या प्रसंगांचा परिणाम फार मोठा होतो, त्या प्रसंगांतल्या.

सुरुवात स्वतःपासून होते. दडपण आलं की मी पहिलं काय करतो? कुणी आवाज चढवतो, कुणी गप्प होतो, कुणी दुसऱ्याच्या हातातलं काम काढून स्वतः करायला बसतो. प्रत्येकाची एक ठरलेली तऱ्हा असते. ती टीमला पुरती ठाऊक असते, बहुधा आपल्यालाच नसते. ती शोधण्याचा साधा मार्ग म्हणजे मागच्या दोन-तीन गडबडीच्या पाळ्यांमध्ये आपण पहिल्या मिनिटाला काय बोललो, हे तिथे हजर असलेल्या कुणाला तरी विचारणं. उत्तर ऐकताना खुलासे देत बसायचं नाही, एवढं एक पथ्य पाळावं लागतं.

यात शरीराचाही हिशेब असतो. क्रिस्टोफर बार्न्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं की ज्या रात्री वरिष्ठाला नीट झोप लागली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं हाताखालच्यांशी वागणं अधिक तिखट होतं आणि टीमचं कामातलं लक्षही कमी होतं. पाळ्या बदलत काम करणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला हवं. सलग रात्रपाळ्यांनंतर कुणाशी अवघड बोलणं करायचं असेल, तर ते एक दिवस पुढे ढकलणं हा शहाणपणाचा निर्णय आहे.

उत्तम कामगार आणि उत्तम मॅनेजर

या जागेवर माणूस येतो कसा, हेही पाहायला हवं. बहुतेकदा जो काम सगळ्यात चांगलं करतो, त्यालाच बढती मिळते. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी अनेक कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती. मात्र बढतीआधी ज्यांची स्वतःची विक्री जास्त, त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी तुलनेनं घसरलेली दिसली.

यात त्या माणसाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. ज्या गोष्टीसाठी त्याचं आजवर कौतुक झालं, ती म्हणजे स्वतः काम उरकणं. बढतीनंतर त्याच्याकडून नेमकी उलट अपेक्षा असते. दुसऱ्याला करू द्यायचं, तो हळू करत असताना शेजारी उभं राहायचं, तो चुकला तरी उपकरण हिसकावून घ्यायचं नाही. आदल्या दिवसापर्यंत जी हुशारी होती, ती आता टीमच्या वाढीच्या आड येते. हा बदल पहिल्याच आठवड्यात स्पष्ट शब्दांत सांगणारं कुणी असेल तर नवा मॅनेजर वाचतो. नसेल तर तो दोन माणसांचं काम करत राहतो आणि टीम त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहते.

वाईट बातमी येते तेव्हा

कुणीतरी येऊन सांगतं, मशीन बंद पडलंय. किंवा चुकीचा माल गाडीत चढलाय. किंवा रुग्णाला औषधाचा चुकीचा डोस दिला गेलाय. त्या क्षणी मॅनेजरच्या तोंडून जे पहिलं वाक्य बाहेर पडतं, त्यावर पुढच्या वेळी बातमी किती लवकर येईल हे ठरतं. माझ्या मते कुठलाही दुसरा प्रसंग याच्या जवळपास येत नाही.

"कुणी केलं हे?" असं विचारलं की सगळ्यांचं लक्ष दोष कुणावर जाणार याकडे वळतं. पुढच्या वेळी माणूस आधी स्वतः निस्तरायला बघेल, मग शेजाऱ्याशी बोलेल, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं की तुमच्याकडे येईल. "कुणाला लागलं नाही ना? आत्ता काय स्थिती आहे?" असं विचारलं तर लक्ष कामावर राहतं. कोणी आणि का, हे नंतर विचारता येतं. विचारायलाच हवं, पण दहा मिनिटांनी.

हार्वर्डमधल्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. ज्या टीममध्ये नेतृत्व चांगलं आणि आपसातले संबंध चांगले, तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला: त्या टीममध्ये लोक चुकांबद्दल मोकळेपणानं बोलत होते, म्हणून त्या नोंदीत येत होत्या. इतर ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी कारखान्यातल्या टीमचा अभ्यास करून हीच कल्पना पुढे नेली: न घाबरता बोलता येतं अशी खात्री जिथे असते, तिथे टीम शिकते.

म्हणून एखाद्या फ्लोअरवर तक्रारी आणि चुकांच्या नोंदी अचानक वाढल्या तर लगेच घाबरून जाऊ नये. नवीन मॅनेजर आल्यावर तसं झालं असेल, तर लोक बोलू लागले असण्याची शक्यता आधी तपासावी.

टोयोटाच्या कारखान्यांत कामगाराला अडचण दिसली की दोरी ओढून इशारा देता येतो आणि ठरलेल्या वेळात ती सुटली नाही तर लाइन थांबते. या दोरीची नक्कल पुष्कळांनी केली. पण दोरी ओढल्यावर टीम लीडर धावत येतो, तो मदतीला, आणि हा त्या पद्धतीचा खरा भाग आहे. धावत येणारा माणूस रागावून आला, तर दोरी टांगलेली राहते आणि तिला कुणी हात लावत नाही.

शिकवणं, सांगणं, श्रेय देणं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांपुढे मोठा पेच उभा राहिला. अनुभवी कामगार सैन्यात गेले, नवख्यांची फौज कामावर आली आणि त्यांना सांभाळायला पुरेसे तयार सुपरवायझर नव्हते. १९४० ते १९४५ या काळात सरकारनं 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम चालवला. सोळा लाखांहून अधिक लोकांनी हे प्रशिक्षण घेतलं. पुढे तो जपानमध्ये पोहोचला आणि तिथल्या उद्योगांनी तो आपलासा केला. ऐंशी वर्षांनंतरही त्यातलं फारसं काही शिळं झालेलं नाही.

एकेका विषयाला दहा तास, तेही दोन-दोन तासांच्या पाच बैठकांमध्ये वाटलेले. काम कसं शिकवायचं, माणसांशी कसं वागायचं, कामाची पद्धत कशी सुधारायची, हे मुख्य विषय. व्याख्यान कमी. प्रत्येकानं आपल्या विभागातली खरी अडचण आणायची, सगळ्यांसमोर ती मांडायची आणि शिकलेली पद्धत तिला लावून दाखवायची.

काम शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची होती. आधी शिकणाऱ्याला सैल करा आणि त्याला आधीपासून काय येतं ते विचारा. मग काम करून दाखवा, टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक टप्प्यातली कळीची गोष्ट आणि तिचं कारण सांगत. मग त्याला करायला लावा आणि करता करता तीच कारणं त्याच्या तोंडून वदवून घ्या. शेवटी त्याला एकट्याला सोडा, अडला तर कुणाकडे जायचं ते सांगा आणि मधूनमधून बघून या. तिसरी पायरी सगळीकडे गाळली जाते. "समजलं ना?" असं विचारायचं, समोरचा "हो" म्हणतो आणि आपण निघून जातो. त्या कार्यक्रमाचं घोषवाक्यच होतं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलंच नाही. ही जबाबदारी स्वतःकडे घेणं मला नेतृत्वाचा गाभा वाटतो.

माणसांशी वागण्याबद्दल त्यांनी चार गोष्टी सांगितल्या होत्या. काम कसं चाललंय हे प्रत्येकाला कळू द्या. श्रेय द्यायचं तिथे द्या, आणि वेळेवर द्या. ज्या बदलाचा माणसावर परिणाम होणार आहे तो त्याला आधी सांगा. आणि प्रत्येकाच्या अंगात जे आहे त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्या. यातली तिसरी गोष्ट फुकट आहे आणि तरीही सर्वाधिक मोडली जाते. पाळीचं वेळापत्रक बदललंय हे माणसाला फलकावरून कळलं, तर बदल कितीही योग्य असला तरी त्याला जखम होते. तेच आदल्या दिवशी मॅनेजरनं समोर उभं राहून, कारणासह सांगितलं, तर विरोध झाला तरी त्यात अपमानाची भावना नसते. आणि असं सांगायला दोन मिनिटं लागतात.

कडक असावं की मायाळू?

नव्या मॅनेजरला हा प्रश्न हमखास पडतो. शिस्त धरली तर लोक दुरावतील आणि आपुलकी दाखवली तर डोक्यावर बसतील, अशी भीती. याचं फार चांगलं उत्तर एडविन फ्लाइशमन आणि एडविन हॅरिस यांच्या १९६२ च्या अभ्यासात आहे. ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातल्या ५७ फोरमनच्या वागण्याची त्यांनी दोन अंगांनी मोजणी केली. एक, माणसांची कदर किती. दोन, कामाची आखणी, नियम आणि पाठपुरावा किती. मग प्रत्येकाच्या विभागातल्या तक्रारींशी आणि नोकरी सोडणाऱ्यांच्या प्रमाणाशी ते ताडून पाहिलं.

ज्या फोरमनच्या वागण्यात कदर कमी होती, त्यांच्याकडे तक्रारी जास्तच होत्या, मग त्यांनी शिस्त सैल ठेवो वा कडक. आणि ज्यांच्याकडे कदर भरपूर होती, त्यांनी शिस्त वाढवली तरी तक्रारींत विशेष वाढ दिसली नाही.

म्हणजे ही एकाच काट्याची दोन टोकं नाहीत. दोन्ही एकाच वेळी जास्त असू शकतात. पण क्रम महत्त्वाचा आहे. ज्याला माहीत आहे की हा मॅनेजर आपल्या अडचणीला उभा राहतो, तो त्याचं कडक बोलणं कामाबद्दलचं म्हणून ऐकतो. ज्याला हे माहीत नाही, त्याला तेच बोलणं स्वतःवरचा हल्ला वाटतो.

कामाबद्दल बोलून दाखवण्याचंही तसंच. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये कामगिरीबद्दल दिलेल्या प्रतिक्रियेवरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरी पाहता अशा प्रतिक्रियेनं कामगिरी सुधारते. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ती खालावली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं की ऐकणाऱ्याचं लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की फायदा घटत जातो. "तू निष्काळजी आहेस" हे वाक्य माणसाबद्दल आहे. "काल रात्रीच्या हँडओव्हरमध्ये तीन पॅलेटच्या नोंदी नव्हत्या, सकाळच्या पाळीला माल शोधत बसावं लागलं. काय झालं होतं?" हे कामाबद्दल आहे. दुसऱ्यात घटना आहे, परिणाम आहे आणि शेवटी खरा प्रश्न आहे, ज्याचं उत्तर ऐकायची तयारी असावी लागते. कदाचित स्कॅनर बंद असेल आणि तो दुरुस्त करून द्यायचं काम तुमचं असेल. कौतुकालाही हेच लागू होतं. "तू भारी आहेस" यापेक्षा "गाडी उशिरा येणार हे तू आधी कळवलंस म्हणून दुसरी गाडी आधी भरता आली" हे ऐकणाऱ्याच्या कामी येतं.

प्रशिक्षण कुठे विरून जातं

आता त्या प्रयोगाकडे येतो, जो मला या विषयातला सगळ्यात मोलाचा वाटतो. १९५० च्या सुमारास इंटरनॅशनल हार्वेस्टर ही शेतीची यंत्रं आणि ट्रक बनवणारी अमेरिकन कंपनी आपल्या फोरमनना दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवत असे. माणसांशी कसं वागावं यावर त्यात भर होता. फ्लाइशमन यांनी या फोरमनची तपासणी केली. प्रशिक्षण संपलं त्या दिवशी निकाल छान होता: माणसांची कदर करावी, हे मत अधिक पक्कं झालं होतं.

पुढे ते थांबले नाहीत. फोरमन कामावर परतून बराच काळ लोटल्यावर त्यांच्या प्रत्यक्ष वागण्याची माहिती त्यांच्या हाताखालच्यांकडून घेतली. प्रशिक्षणाचा परिणाम जवळपास पुसला गेला होता. मग फोरमनच्या वागण्यातला फरक ठरत होता कशावरून? त्यांच्या वरिष्ठांवरून. ज्याचा वरिष्ठ माणसांची कदर करणारा, तो फोरमनही तसा वागत होता. ज्याचा वरिष्ठ फक्त आकडे मागणारा, तो फोरमनही आकडेच मागत होता, वर्गात काहीही शिकून आलेला असो.

फोरमनची बाजू समजून घेतली तर यात नवल नाही. वर्गात त्याला सांगितलं, माणसाचं ऐकून घे. फ्लोअरवर आल्यावर त्याच्या साहेबानं त्याचं कधी ऐकलं नाही, फक्त विचारलं की कालचं टार्गेट का हुकलं. माणूस वागणूक शिकतो ती ज्याच्या हातात आपली बढती आहे त्याच्याकडून.

फ्रिट्झ रोथलिसबर्गर यांनी १९४५ मध्येच फोरमनच्या या कोंडीबद्दल लिहिलं होतं. वरच्यांना योजना जशीच्या तशी पार पडलेली हवी असते, खाली वास्तव वेगळं असतं, आणि ते वास्तव वरच्यांना रुचेल अशा भाषेत गुंडाळून सांगण्यात फोरमनची शक्ती खर्च होते. म्हणून वरच्याला खरं सांगणं हेही या मॅनेजरनं कमावायचं कौशल्य आहे. "होणार नाही" असं म्हणून ते होत नाही. "आज दोन माणसं कमी आहेत. दोन्ही ऑर्डर वेळेत जाणार नाहीत. पहिली पूर्ण करतो, दुसरी उद्या दुपारी जाईल. तुम्हाला क्रम बदलायचा असेल तर आत्ता सांगा." असं म्हणून होतं. पण अशी वाक्यं वर ऐकून घेतली जात नसतील, तर खालच्याकडून धैर्याची अपेक्षा करणं चूक आहे.

यावरून प्रशिक्षण निरुपयोगी असतं असा निष्कर्ष काढू नये. क्रिस्टिना लासेरेन्झा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नेतृत्व प्रशिक्षणावरच्या ३३५ नमुन्यांची एकत्र तपासणी केली आणि असं प्रशिक्षण समजलं जातं त्यापेक्षा अधिक उपयोगी ठरू शकतं, असं दाखवलं. मात्र त्यातलं अधिक परिणामकारक प्रशिक्षण वेगळ्या घडणीचं होतं. आधी गरज तपासलेली, प्रत्यक्ष सराव असलेलं, प्रतिक्रिया मिळणारं, एकाच वेळी न उरकता अंतरा-अंतरानं दिलेलं आणि कामाच्या जागी घेतलेलं. युद्धकाळातल्या त्या दहा तासांच्या वर्गाशी हे वर्णन किती जुळतं, ते पाहण्यासारखं आहे.

मग प्रत्यक्षात कसं करायचं

एका वेळी एकच वागणूक निवडावी. एकच. "संवाद सुधारणे" ही वागणूक झाली नाही, ती इच्छा झाली. "कुणी अडचण सांगायला आलं की माझं पहिलं वाक्य प्रश्न असेल आणि तो 'कुणी' या शब्दानं सुरू होणार नाही" ही वागणूक झाली. अमुक घडलं की मी तमुक करणार, अशा साच्यात ठरवलेल्या गोष्टी पार पडण्याची शक्यता नुसत्या निश्चयापेक्षा चांगलीच वाढते, हे पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांच्या एकत्रित तपासणीतून दाखवलं आहे. ४८ सेकंदांच्या कामात हा साचा विशेष उपयोगी, कारण ऐन वेळी ठरवायला काही उरत नाही.

दुसरी गरज म्हणजे बघणारा डोळा. दुसऱ्या पाळीचा किंवा दुसऱ्या विभागाचा मॅनेजर अर्धा तास सोबत फिरतो आणि ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी लिहून घेतो. गुण द्यायचे नाहीत, मत सांगायचं नाही, फक्त वाक्यं. नंतर दोघं ती वाचतात. आपण काय बोलतो आणि आपण काय बोलतो असं आपल्याला वाटतं, यातलं अंतर त्या कागदावर दिसतं. पुढच्या आठवड्यात भूमिका उलटी. हे काम वरिष्ठानं न करता बरोबरीच्यानं केलेलं बरं, कारण वरिष्ठ सोबत असला की सगळेच निराळे वागतात.

आणि पाळी संपताना दहा मिनिटांची उजळणी. अमेरिकेच्या लष्करानं १९७० च्या दशकात सराव-युद्धांसाठी ही पद्धत पक्की केली. काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं, एवढंच विचारायचं. स्कॉट टॅनेनबॉम आणि क्रिस्टोफर सेरासोली यांनी २०१३ मध्ये अशा उजळण्यांवरचे ४६ नमुने एकत्र तपासले, तेव्हा कामगिरीत सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास सुधारणा दिसली. एवढ्या स्वस्त उपायाला हा परिणाम थोडा नाही. फक्त एक गोष्ट सांभाळावी: मॅनेजरनं बोलायला सुरुवात आपल्या हातून काय राहिलं तिथून करावी. त्यानं तसं केलं तर बाकीचे बोलतात. त्यानं इतरांपासून सुरू केलं तर दुसऱ्या दिवशी उजळणीला सगळे माना खाली घालून उभे राहतात.

यात वरिष्ठाचं काम वेगळं आणि आवश्यक आहे. शिफ्टच्या मॅनेजरला भेटल्यावर त्यानं आकड्यांच्या आधी एक प्रश्न विचारावा: "या आठवड्यात कोणती वागणूक सरावासाठी घेतली आहेस आणि ती कुठे अडतेय?" आणि मॅनेजर वाईट बातमी घेऊन आला तर स्वतःचं पहिलं वाक्य तपासावं. मॅनेजरनं खाली जसं वागावं असं वाटतं, तसं वरिष्ठानं त्याच्याशी वागायचं. हार्वेस्टरच्या निकालांचा कामाचा अर्थ एवढाच निघतो.

शिवाय प्रशिक्षणानं न सुटणारे प्रश्न असतात, ते कबूल करायला हवेत. एका माणसाच्या हाताखाली चाळीस जण असतील, पाळीतला निम्मा वेळ अहवाल भरण्यात जात असेल आणि साधी अर्ध्या दिवसाची रजा देण्याचाही अधिकार नसेल, तर त्याला नेतृत्व शिकवत बसण्याआधी कामाची रचना बदलावी. टीम लहान करावी, एखादा अहवाल बंद करावा, छोटे निर्णय त्याच्या हाती द्यावेत.

हे सगळं लागू पडतंय का, हे कळायला परीक्षा घ्यावी लागत नाही. अडचण निर्माण झाल्यापासून मॅनेजरच्या कानावर येईपर्यंत किती वेळ जातो, तो कमी होतोय का ते पाहावं. नवा माणूस एकटा काम करू लागायला किती दिवस घेतो ते पाहावं. उजळणीत मॅनेजर सोडून किती जण बोलतात ते पाहावं. आणि मॅनेजर रजेवर असताना त्याचा फोन किती वेळा वाजतो, तेही मोजावं. सुरुवातीला तो सारखा वाजेल. काही महिन्यांनी एका दिवसात एखाददुसराच फोन आला आणि तोही "हे असं केलंय, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो" असा असेल, तर पुढची वागणूक सरावासाठी घ्यायला हरकत नाही.